ड्रिल घेताना आधी बॅटरी काट्यावर ठेवा

चार्जिंगची ड्रिल मशीन आता आरमोरीत नवलाची राहिलेली नाही. घरकुलाची दारं-खिडक्या बसवणारा सुतार, टिनाचं शेड मारणारा फॅब्रिकेशनवाला, सौर पंपाचा सांगाडा कसणारी पोरं, वर्गात फळा टांगणारे गुरुजी, सगळ्यांच्याच हातात ती दिसते. विकत घ्यायला गेलं की दुकानात काय आणि मोबाईलवर काय, डब्यांवर मोठमोठे आकडे झळकतात: ४८ व्ही, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ. सोबत दोन बॅटऱ्या, बिटांचा संच, सॉकेटचा पुडा, सगळं मिळून अडीच-तीन हजारांत. शेजारीच नावाजलेल्या कंपनीची मशीन असते. तिच्यावर नुसतं १२ किंवा १८ लिहिलेलं, आणि किंमत दुप्पट-तिप्पट. गिऱ्हाईक साहजिकच १२८ उचलतं.

तो आकडा खोटा असतो. हे ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, किराणा दुकानातला काटा पुरतो. या बॅटऱ्यांच्या आत लिथियम आयनचे सेल असतात. बहुतेक वेळा १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. अशा एका सेलचा दाब ३.६ व्होल्ट धरतात आणि वजन भरतं साधारण ४५ ग्रॅम. ८८ व्होल्ट हवे असतील तर असे २४ सेल एकामागे एक जोडावे लागतील. नुसत्या सेलांचंच वजन किलोच्या वर जाईल, मग प्लास्टिकचं घर आणि आतली पट्टी वेगळी. डब्यातली बॅटरी काट्यावर ठेवा. साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरली तर आत पाचच सेल आहेत आणि मशीन आहे १८ व्होल्टची. १८ व्होल्टची असणं वाईट नाही, उत्तम आहे. प्रश्न एवढाच, की जो डब्यावर व्होल्ट खोटे लिहितो त्याने आतले सेल, गिअर आणि तांब्याची तार खरी वापरली असेल यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? ‘व्ही’च्या पुढचा तो ‘एफ’ कसला, हेही विचारून बघा. दुकानदार हसतो.

नावाजलेल्या कंपन्यांतही एकीवर १८ आणि दुसरीवर २० दिसतं. तिथे मात्र फसवणूक नाही, मोजायची वेळ वेगळी आहे. पाच सेलांची बॅटरी काठोकाठ भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास चढतो आणि बेरीज वीसच्या वर जाते. काम सुरू झालं की ती उतरून अठराच्या घरात येते. बॉश आणि माकिता १८ लिहितात, डिवॉल्ट ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिते. सेल दोन्हीकडे पाचच. बाजारातली ‘२१ व्होल्ट’ म्हणजेही तेच पाच, ४.२ ने गुणलेले. आणि ‘१२ व्होल्ट’ म्हणजे तीन सेल, खरे १०.८.

अठराचा आकडा आला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातून. हातात धरून चालवायची विजेची ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये केली. तिची तार तोडली ती अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये, निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर. (चंद्रावर जायच्या निमित्ताने नासाने बिनतारी ड्रिल शोधली, असं हौसेने सांगितलं जातं. ते उलटं आहे. ड्रिल आधी आली. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर बॅटरीची ड्रिल चालवली तेव्हा ती दहा वर्षांची झाली होती. चंद्राच्या मातीत त्याचीही नळी अडकली आणि ओढून काढताना घाम फुटला, तेव्हा आपली अडकली तर लाजू नये.) निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टचा, पंधरा जोडले की १८. सोनीने १९९१ मध्ये लिथियम आयन बॅटरी बाजारात आणली आणि २००५ च्या सुमारास ती मोठ्या ड्रिलमध्ये शिरली. तिचा सेल नेमका तिप्पट दाबाचा. पंधरांचं काम पाच करू लागले, वजन उतरलं आणि अठराचा आकडा तसाच राहिला.

व्होल्टइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा अँपिअर-तासांचा, डब्यावर ‘एएच’ असा लिहिलेला. दोघांचा गुणाकार म्हणजे बॅटरीत मावणारी वीज. १८ व्होल्ट आणि २ एएच म्हणजे ३६ वॅट-तास. मशीन तीनशे वॅट ओढत सलग चालली तर ही बॅटरी सात मिनिटांत रिकामी होते. सात मिनिटं ऐकून दचकायला नको. एक स्क्रू जायला दोन-चार सेकंद लागतात, सात मिनिटांत दाराच्या बिजागऱ्या, कड्या, कोयंडे होऊन वर उरते. पण याच बॅटरीवर चार इंची ग्राइंडर लावला तर तो सहाशे-सातशे वॅट ओढतो आणि तीन मिनिटांत सुस्कारा टाकतो. म्हणून ‘एका बॅटरीवर सहा हत्यारं’ असा भरगच्च सेट पाहून भुलू नये. ड्रिल आणि स्क्रू मारायची इम्पॅक्ट मशीन बॅटरीवर घ्यावी. ग्राइंडर, लाकूड कापायची गोल आरी आणि रंधा तारेवरचेच बरे. सेटमधला ब्लोअर तर मला अजून कोणी कामासाठी वापरताना दिसला नाही. पोरं त्याने एकमेकांचे केस उडवतात.

दोन एएचच्या दोन बॅटऱ्या घ्याव्यात की चारची एक? माझं मत दोनच्या बाजूने. एक कामावर, एक चार्जरवर, आणि एक मेली तरी काम थांबत नाही. मात्र भारी काम रोजचं असेल तर चारची बॅटरी वेगळी पडते. तिच्यात साधारणपणे सेलांच्या दोन ओळी असतात, प्रत्येक सेलवर निम्माच ताण येतो, बॅटरी कमी तापते आणि तीच मशीन जास्त जोर दाखवते. इथेही काटा उपयोगी आहे. १८६५० जातीच्या एका सेलमध्ये तीन-साडेतीन एएचच्या पुढे वीज मावत नाही. तेव्हा ‘६ एएच’ लिहिलेली बॅटरी चारशे ग्रॅमची निघाली तर तो सहा नक्की खोटा. कंपनीच्या नावाने ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नकली बॅटऱ्या अशाच पकडता येतात.

मशीन घेणं म्हणजे बॅटरीच्या घराण्याशी सोयरीक करणं आहे. ड्रिलचा मोटर-गिअर नीट वापरला तर सात-आठ वर्षं जातो. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. त्या वेळी तीच बॅटरी मिळाली नाही तर चांगली मशीन भंगारात जाते. पुढे इम्पॅक्ट मशीन किंवा जिगसॉ घ्यायची झाली तर त्याच घराण्यातली ‘बेअर’, म्हणजे बॅटरीशिवायची घेता येते आणि निम्मे पैसे वाचतात. इथे मोठ्या कंपन्यांतही खाचाखोचा आहेत. बॉशची निळी, व्यावसायिक कामाची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच हिरव्या, घरगुती मशीनला बसत नाही. माकिताच्या स्वस्त ‘जी’ मालिकेची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्या ‘एलएक्सटी’ मालिकेत चालत नाही, आणि पुढची जवळपास सगळी हत्यारं मिळतात ती ‘एलएक्सटी’त. दोन्हींवर १८ लिहिलेलं, दोन्हींवर एकच नाव. घेताना दुकानदाराला म्हणा, “भाऊ, याच बॅटरीवर चालणारी दुसरी मशीन दाखवा.” त्याने लगेच दाखवली तर बरं. कॅटलॉग शोधायला लागला तर समजून घ्यावं.

आता आपल्या भागाचं. पुण्या-मुंबईच्या दुकानात हे कोणी सांगणार नाही, कारण तिकडे ब्रह्मपुरीचा मे महिना नसतो. ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४६-४७ वर जातो आणि आपण त्याच पट्ट्यात. लिथियम आयन बॅटरी साधारण शून्य ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. टिनाच्या शेडखाली दुपारी चार्जर लावला आणि लाल दिवा लुकलुकत बसला, तर बहुधा चार्जर बिघडलेला नसतो. बॅटरी तापली आहे म्हणून तो थांबला आहे. चांगल्या चार्जरमध्ये ही राखण असते. स्वस्त चार्जर तापलेल्या बॅटरीतही वीज कोंबत राहतो. कामावरून काढलेली गरम बॅटरी अर्धा तास सावलीत, माठाजवळच्या थंड फरशीवर ठेवून मग लावावी. पाण्यात किंवा फ्रिजमध्ये घालू नये, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतो. गाडीच्या डिकीत आणि मोटारसायकलच्या पेटीत भर उन्हात बॅटरी ठेवणं तर तिचा जीव घेणंच.

आणि ती ठेवताना काठोकाठ भरून ठेवू नये. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिची सुमारे तिसरा हिस्सा ताकद कायमची जाते. निम्मी भरून ठेवली तर नुकसान त्याच्या निम्म्याहून कमी. दुकानात दोन उन्हाळे काढलेली ‘नवीन’ बॅटरी म्हणूनच नवीन नसते. डब्यावरची आणि बॅटरीवरची बनवल्याची तारीख वाचावी, जुनी असेल तर दुसरा डबा मागावा.

दुसरा धोका पावसाळ्याचा. धानाची रोवणी लागली की बांधकामं थांबतात, सुतार आणि मिस्त्रीही बांधीत उतरतात. मशीन जून ते सप्टेंबर पेटीत. पेटीत टाकताना बॅटरी रिकामी असेल तर चार महिन्यांत ती आपोआप आणखी उतरत जाते. एका मर्यादेखाली गेली की आत रासायनिक बिघाड होतो आणि चार्जर तिला ओळखतच नाही. दिवाळीच्या सुमारास ‘काही केलं नाही, तरी बॅटरी मेली’ अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक याच वाटेचे. मशीनमधून बॅटरी काढून, तिच्यावरच्या दोन दिव्यांइतकी भरून, कोरड्या जागी ठेवावी. पोळ्याच्या आसपास एकदा बघून थोडी चार्ज करावी.

जोर किती हवा हे आपल्या लाकडावर ठरतं. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाइन आणि प्लायवर भोकं पाडून दाखवतात. आपल्याकडे दाराला सागवान, शेतीच्या अवजारांना बीजा, येन, धावडा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून जे लाकूड गेलं, ते याच मुलखातलं सागवान. ते कोरायला सोपं, पण त्यात तेल असतं आणि सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश. बिटाची धार ते लवकर खातं. येन, म्हणजे पुस्तकातला ऐन, त्याहून चिवट. ज्याच्या पानांवर आरमोरीच्या रेशमी कोशाच्या अळ्या पोसतात तेच झाड. अशा लाकडात तीन इंची स्क्रू थेट घुसवायला गेलं की एक तर स्क्रूची मान तुटते नाही तर कडेचं लाकूड फाटतं, आणि दोष मशीनला जातो. आधी स्क्रूच्या गाभ्याइतकं बारीक भोक पाडावं, स्क्रूला मेण किंवा साबण लावावा. तीस न्यूटन-मीटरची १२ व्होल्टची मशीनही ते काम हसत करते. पण कुलपासाठी दीड-दोन इंची गोल भोक पाडायचं असेल, रोज चौकटी बसवायच्या असतील, तर पन्नासच्या वरची १८ व्होल्टची हवी. आणि ते भोक १ नंबरच्या गिअरवर पाडायचं. वर सरकवायचा जो खटका असतो त्यात १ म्हणजे मंद पण जोरकस, २ म्हणजे वेगवान. २ वर ठेवून मोठं भोक पाडणारे मोटरीचा धूर काढतात.

बांबूची गोष्ट निराळी. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या कारागिरांना हे ठाऊक आहे, पण घरी स्टूल किंवा मांडव करणारा हमखास चुकतो. बांबूला आडवे धागे नाहीत. जोर लावला की तो सरळ उभा चिरतो. तिथे वेग जास्त, दाब कमी, मधे टोक असलेलं धारदार लाकडाचं बिट, आणि क्लच अगदी खालच्या आकड्यावर. चकामागचं ते आकड्यांचं कडं शोभेचं नाही. स्क्रू बसला की क्लच कट-कट करून सुटतो आणि लाकूड वाचतं. कित्येक मशिनी जन्मभर ड्रिलच्या चिन्हावरच राहतात.

भिंतीसाठी हातोडीचं चिन्ह असलेली ‘हॅमर’ मशीन हवी, पण तिच्याकडून अपेक्षा माफक ठेवावी. तिच्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात. विटेत किंवा राखेच्या विटेत सहा-आठ मिलिमीटरचं भोक ती सहज पाडते. लिंटेल, बीम, स्लॅबमध्ये मात्र तासभर रेटलं तरी भुगाच निघतो. त्यासाठी रोटरी हॅमर वेगळी, तिच्यात दट्ट्या हवेच्या दाबाने ठोके मारतो. पडद्याच्या पाइपसाठी लिंटेलमध्ये वर्षाला चार भोकं पाडायची तर ती भाड्याने आणावी.

छपरावर मात्र बिनतारी मशीनला तोड नाही. टिन मारताना ८ मिलिमीटरच्या षट्कोनी डोक्याचे, स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू लागतात. उतारावर एका हाताने पत्रा धरून, पायात वायर अडकत, पावसाची सर आली तर २३० व्होल्ट हातात घेऊन काम करण्यापेक्षा इम्पॅक्ट मशीन शंभर पटीने सुरक्षित. ती फिरता फिरता बाजूने ठोके देते, त्यामुळे मनगटाला पीळ बसत नाही. रबराचं वॉशर चेपलं की लगेच बोट सोडायचं. जास्त कसलं तर पहिल्याच पावसात तिथूनच गळतं. तारेच्या मशीनची आणखी एक अडचण खेड्यातल्यांना सांगायला नको. संध्याकाळी लाईट डीम झाली, दाब १७० वर आला, की ती गुरगुरते आणि तापते. बॅटरीचा चार्जर घेताना त्याच्या पाठीवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असेल तर तो डीम लाईटवरही चालतो.

हाच फायदा वडशाच्या नाटक मंडळ्यांचे मंच उभारणाऱ्यांना आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू झाला की आज एका गावच्या शंकरपटाला, उद्या दुसऱ्या गावच्या मंडईला प्रयोग; मोकळ्या बांधीत मंच, आणि जनरेटर संध्याकाळी. दुपारी वीज नसतानाच चौकटी जोडायच्या आणि पहाटे सोडवायच्या. खिळा ठोकून उपटला की फळी चार प्रयोगांत भाजीची जाळी होते. स्क्रू मारला आणि उलटा फिरवून काढला तर तीच फळी हंगामभर टिकते.

दुकानात मशीन हातात आली की डबा नुसता उघडून बघू नये. सरळ, नवं सहाचं बिट चकात घट्ट करून अगदी हळू फिरवावं आणि टोकाकडे डोळे लावावे. टोक एका जागी स्थिर दिसलं पाहिजे. गोल फेर धरून नाचत असेल तर चक किंवा त्याचा दांडा वाकडा. खटका केसभर दाबला तर चक मुंगीच्या गतीने फिरायला हवा. एकदम उडी मारत असेल तर स्क्रू कधीच नीट लागणार नाही. खटका सोडताच चक जागच्या जागी थांबला पाहिजे. बॅटरी खाचेत बसवून हलवावी, खुळखुळ वाजता कामा नये. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान आहे. ‘ब्रशलेस’ म्हणजे आत झिजणारा कार्बन नाही. तीच बॅटरी जास्त वेळ पुरते, मशीन कमी तापते, किंमत दीड-दोन हजारांनी वाढते. रोज वापरणाऱ्याने ते पैसे द्यावेत. घरी महिन्यातून एकदा काढणाऱ्याला कार्बनची मशीनही जन्मभर पुरेल.

खरं तर घरगुती वापराला अनेकांना बिनतारी मशीन लागतच नाही. दोन-अडीच हजारांची तारेची तेरा मिलिमीटर चकाची हॅमर ड्रिल घेतली तर बॅटरी मरायची भीतीच नाही. ज्यांना हवीच आहे त्यांनी नामवंत कंपनीचा १२ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा सेट घ्यावा. साधारण पाच-सहा हजारांत येतो. सुताराने आणि शेडवाल्याने १८ व्होल्टची ड्रिल व इम्पॅक्टची जोडी बघावी. नागपूरच्या लोहाओळीत भाव थोडा उतरतो, पण वॉरंटीत मशीन दुरुस्तीला न्यायची तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाणं-येणं आणि दिवसभराची मजुरी बुडवणं आलं. गडचिरोली किंवा ब्रह्मपुरीचा दुकानदार मशीन स्वतः सर्व्हिस सेंटरला पाठवत असेल तर त्याला दोन-तीनशे जास्त द्यायला हरकत नाही. बिल पक्कं घ्यावं, आणि वॉरंटीचा कागद तिथेच वाचावा. मशीनची मुदत वेगळी आणि बॅटरीची वेगळी, असं अनेकदा असतं.

थकलेल्या बॅटरीत नवे सेल घालून देणारे आता जागोजागी झाले आहेत. सेलांच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडत असतील आणि पाचही सेल एकदम, एकाच जातीचे बदलत असतील तर विचार करावा. सोल्डरिंगची कांडी सेलवर टेकवणाऱ्याकडून बॅटरी उचलून परत यावं. त्या आचेने सेल आतून खराब होतो आणि पुढे कधी पेट घेईल सांगता येत नाही. फुगलेली बॅटरी तर कोणाकडेही दुरुस्तीला देऊ नये. घंटागाडीत किंवा भंगारवाल्याच्या पोत्यातही टाकू नये, कारण तिथे ती चेंगरली की आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी. तोवर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, पत्र्याच्या डब्यात, घरापासून दूर सावलीत ठेवावी.